गॅसची विहीर गळत नाही, म्हणजे ती ठीक आहे का? जमिनीखालच्या गॅस साठ्यांची तपासणी कशी होते

काही महिन्यांपूर्वी आमच्या टीमचा एक सर्व्हर रात्री दोन वाजता बंद पडला. त्या आठवड्यात ऑन-कॉल मी होते. गंमत म्हणजे डॅशबोर्डवर शेवटच्या मिनिटापर्यंत सगळं हिरवंगार होतं. आमचा अलर्ट एकच प्रश्न विचारायचा: सर्व्हर चालू आहे का? डिस्क किती भरलीये, हे कोणी विचारतच नव्हतं, आणि ती तीन आठवडे गुपचूप भरत होती.

आमचं नुकसान म्हणजे थोडी झोप आणि मॅनेजरचा एक लांबलचक मेल. अमेरिकेत गॅसच्या एका विहिरीबाबत जवळजवळ हीच चूक झाली, तेव्हा आठ हजारांहून जास्त कुटुंबांना घर सोडून दुसरीकडे राहावं लागलं. त्या विहिरीमुळे तिथले जमिनीखालच्या गॅस साठ्यांचे नियम बदलले. ते कसे, ते आज पाहू.

गॅस जमिनीखाली का ठेवतात?

आपल्याकडे पाइप गॅस घरात मुख्यतः स्वयंपाकाला लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वापरात फार मोठा फरक पडत नाही. अमेरिकेत थंडीत घरं गॅसवर तापवतात. जानेवारीची मागणी उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त असते आणि पाइपलाइन तेवढा गॅस एकदम आणू शकत नाही. म्हणून उन्हाळ्यात कॉम्प्रेसरने गॅस जमिनीखाली दाबून भरायचा आणि थंडीत बाहेर काढायचा.

ठेवायच्या जागा तीन प्रकारच्या. तेल किंवा गॅस काढून संपलेली जुनी क्षेत्रं, पाणी धरणारे सच्छिद्र खडक, आणि मिठाच्या थरात पाण्याने विरघळवून केलेल्या पोकळ्या. यातला पहिला प्रकार सर्वात जास्त वापरला जातो. 'साठा' म्हटलं की मोठी गुहा डोळ्यांसमोर येते, पण जुन्या क्षेत्रात गुहा नसते. वाळूच्या खडकाच्या बारीक छिद्रांत गॅस मुरलेला असतो आणि वरचा घट्ट थर त्याला अडवून धरतो. लाखो वर्षं त्याने तेल आणि गॅस धरूनच ठेवलेला असतो, त्यामुळे तो थर सहसा दगा देत नाही. दगा देऊ शकतो तो त्या थराला माणसाने पाडलेल्या भोकांमधून, म्हणजे विहिरींमधून.

देशात असे सुमारे ४०० साठे आणि हजारो विहिरी आहेत. बऱ्याच विहिरी मुळात तेल काढायला खणलेल्या, काही तर तुमच्या-माझ्या आजोबांच्या वयाच्या. नंतर त्यांचं काम बदललं, पाइप तेच राहिले.

(भारतात नैसर्गिक वायूसाठी अशी सोय अजून नाही. विशाखापट्टणमला खडकात कोरलेलं भुयारी कोठार आहे, पण ते एलपीजीचं. दोन्हींत गल्लत करू नका.)

एसएस-२५

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला ॲलिसो कॅनियन नावाचं क्षेत्र आहे. १९३८ मध्ये तिथे तेल सापडलं आणि १९७० च्या दशकात त्याचा गॅस साठा झाला. चालवणारी कंपनी सदर्न कॅलिफोर्निया गॅस. तिथली एसएस-२५ ही विहीर १९५३ मध्ये खणायला घेतलेली, खोली साडेआठ हजार फुटांच्या वर.

विहीर म्हणजे एकात एक घातलेल्या पाइपांची रचना समजा. बाहेरचा रुंद पाइप वरच्या काही भागापुरता, त्याच्या आत खालपर्यंत गेलेला ७ इंची पाइप, म्हणजे केसिंग, आणि त्याच्या आत एक बारीक पाइप, म्हणजे ट्यूबिंग. गॅस फक्त ट्यूबिंगमधून नेला तर ती गळली तरी केसिंग अडवायला असतं. पण एसएस-२५ मध्ये जास्त गॅस नेता यावा म्हणून ट्यूबिंग आणि केसिंग दोन्ही वापरात होते. म्हणजे पूर्ण दाबाचा गॅस थेट केसिंगच्या भिंतीला टेकलेला. ती भिंत साधारण ८ मिलिमीटर जाड. बॅकअप नाही. आमच्या भाषेत 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर', आणि सरकारी अहवालांनीही नंतर हाच शब्दप्रयोग वापरला. विहिरीच्या आत खोलवर एक सुरक्षा व्हॉल्व्ह होता, पण तो १९७९ मध्येच काढला होता आणि परत बसवला नव्हता.

२३ ऑक्टोबर २०१५ ला गळती लक्षात आली. जवळच पोर्टर रँच ही वस्ती. मिथेनला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, तोच आपल्या सिलिंडरलाही येणारा घाण वास. लोकांना डोकेदुखी, मळमळ, नाकातून रक्त येणं असे त्रास सुरू झाले. जानेवारी २०१६ मध्ये राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी आणीबाणी जाहीर केली. वरून जड द्रव ओतून विहीर बुजवायचे सात प्रयत्न फसले. शेवटी शेजारून दुसरी विहीर खणून खालून हिला गाठलं आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला गॅस थांबला. तोपर्यंत सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत गेला होता. हा आकडा विमानातून केलेल्या मोजणीवरून काढलेला आहे. साध्या कॅमेऱ्यात काहीच दिसत नव्हतं. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने काढलेल्या व्हिडिओत मात्र डोंगरावरून काळ्या धुराचा लोट निघाल्यासारखं दिसतं.

तपासणी होत नव्हती का?

होत होती, आणि मुद्दा नेमका इथेच आहे.

दरवर्षी विहिरीत तापमानाची आणि आवाजाची नोंद घेतली जायची. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की व्हॉल्व्ह गार लागतो ना? दाबातला गॅस बारीक छिद्रातून सुटला की तसाच गार होतो. म्हणून विहिरीत तापमापक सोडायचा आणि कुठे अचानक थंड लागतंय ते पाहायचं. सोबत मायक्रोफोनसारखं उपकरण सोडून फुसफुस ऐकायची. हुशार पद्धत आहे, आजही वापरतात. पण ती फक्त आत्ता गळतंय का, एवढंच सांगते. भिंत किती उरलीये हे तिला कळत नाही. आमचा अलर्ट आठवा.

भिंतीची जाडी मोजायची उपकरणंही होती. एक चुंबकीय क्षेत्र वापरतं: धातू झिजला असेल तिथे क्षेत्र बाहेर सांडतं आणि सेन्सर ते पकडतो. दुसरं अल्ट्रासाउंड, सोनोग्राफीच्याच तत्त्वावर. अडचण खर्चाची. केसिंग मोजायचं तर सहसा आधी आतली ट्यूबिंग उपसावी लागते. त्यासाठी रिग आणा, विहीर काही दिवस बंद ठेवा. नियम सक्ती करत नव्हता, मग कोण करणार?

यादी मात्र झाली होती. १९८८ मध्ये कंपनीतल्याच लोकांनी २० जुन्या विहिरींचं केसिंग तपासायचं सुचवलं होतं. तपासल्या ७. त्यातल्या ५ विहिरींत धातू झिजलेला निघाला. एसएस-२५ यादीत होती, पण तिचा नंबर आलाच नाही. बॅकलॉगमध्ये पडून राहिलेलं तिकीट आपण सगळ्यांनीच पाहिलंय, पण हे २७ वर्षं पडून होतं.

ब्लेड एनर्जी पार्टनर्स या स्वतंत्र कंपनीने विहिरीतला फुटलेला पाइप बाहेर काढून तपासला आणि मे २०१९ मध्ये अहवाल दिला. केसिंग ८९२ फुटांवर फाटलं होतं. बाहेरच्या बाजूने भूजल लागत होतं आणि त्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे धातू कुरतडला जात होता. सर्वात पातळ जागी सुमारे ८५ टक्के जाडी गेली होती. याआधी त्या क्षेत्रात केसिंग गळण्याच्या ६० हून जास्त घटना झाल्या होत्या. विहिरी दुरुस्त झाल्या, पण पाइप का फुटला याचा मुळापर्यंत तपास एकाही घटनेत झाला नाही. मला या अहवालातली सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. बग दुरुस्त केला, पण तो आला कुठून हे साठ वेळा कोणी विचारलं नाही.

नियम कोणाचा?

आता थोडं कायद्याचं, पण कंटाळू नका. राज्याच्या आतल्या साठ्यांवर राज्याची देखरेख असायची. दोन राज्यांमधल्या पाइपलाइनला जोडलेले साठे केंद्राच्या अखत्यारीत. पण केंद्राकडे जमिनीखालच्या विहिरीच्या सुरक्षेचे नियमच नव्हते.

याचं टोक कॅन्ससमध्ये दिसलं. जानेवारी २००१ मध्ये हचिन्सन शहरात अचानक स्फोट झाले. सुमारे ११ किलोमीटर दूर मिठाच्या थरातल्या साठ्याची एक विहीर फुटली होती. गॅस खडकाच्या पातळ थरातून शहराखाली आला आणि विसरल्या गेलेल्या जुन्या खारट पाण्याच्या विहिरींतून वर निघाला. दोघांचा जीव गेला. कॅन्ससने कडक नियम केले. पण २०१० मध्ये न्यायालयाने सांगितलं की आंतरराज्य साठे केंद्राचा विषय आहे, राज्याला तिथे सुरक्षा नियम लावता येणार नाहीत. कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल, पण व्यवहारात काय झालं? राज्याचा इन्स्पेक्टर जाऊ शकत नाही आणि केंद्राचा इन्स्पेक्टर अस्तित्वातच नाही.

ही फट बुजली ॲलिसो कॅनियननंतर. जून २०१६ मध्ये कायदा झाला आणि पाइपलाइन सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेला, म्हणजे पीएचएमएसएला, साठ्यांचे किमान नियम करायला सांगितलं. डिसेंबर २०१६ मध्ये तात्पुरता नियम आला, फेब्रुवारी २०२० मध्ये अंतिम. संस्थेने नियम शून्यातून लिहिले नाहीत. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची दोन मार्गदर्शक मानकं उचलून कायद्यात घातली: मिठाच्या पोकळ्यांसाठी ११७०, जुन्या क्षेत्रांसाठी आणि जलधर खडकांसाठी ११७१.

इथे एक मजेदार भांडण झालं. या मानकांत काही वाक्यं 'करायलाच हवं' अशी आहेत आणि काही 'करावं' अशी. तात्पुरत्या नियमाने 'करावं'लाही 'करायलाच हवं' ठरवलं, नाही करायचं तर लेखी कारण द्या म्हणे. कंपन्यांनी हरकत घेतली आणि अंतिम नियमात ती सक्ती निघाली. आमच्या क्षेत्रात इंटरनेटच्या मानकांतही हा फरक इतका महत्त्वाचा आहे की 'मस्ट' आणि 'शुड' यांचे अर्थ सांगायला वेगळा दस्तऐवज आहे. एका क्रियापदावर रिग आणायची की नाही हे ठरतं.

आता काय तपासतात?

अंतिम नियमाचा गाभा असा: आधी प्रत्येक साठ्याची जोखीम मोजा, मग सर्वात धोक्याच्या विहिरींपासून सुरुवात करून प्रत्येक विहिरीची पायाभूत तपासणी करा. ४० टक्के विहिरी मार्च २०२४ पर्यंत, उरलेल्या मार्च २०२७ पर्यंत. त्यानंतर दोन तपासण्यांत सात वर्षांपेक्षा जास्त अंतर नको.

इन्स्पेक्टर स्वतः विहिरीत उपकरण सोडत नाही. तो कंपनीचे कागद पाहतो: पाइप कधीचा, जाडी कधी मोजली, काय निघालं, पुढे काय केलं, आपत्तीत कोण काय करणार. मग प्रत्यक्ष जागेवर विहिरीचं तोंड, व्हॉल्व्ह, पाइपांमधल्या फटीतला दाब. या फटीत दाब वाढत असेल तर आतून काहीतरी सुटतंय, आणि हे गळती बाहेर दिसण्याच्या कितीतरी आधी कळू शकतं.

कॅलिफोर्निया आणखी पुढे गेलं. ऑक्टोबर २०१८ पासून तिथे गॅस फक्त ट्यूबिंगमधूनच न्यायचा, केसिंग हा दुसरा अडसर म्हणून मोकळा ठेवायचा. तापमान आणि आवाजाची नोंद दरवर्षी चालूच, शिवाय केसिंगची जाडी आणि दाब-चाचणी साधारण दर २४ महिन्यांनी. २४ महिने आणि सात वर्षं, हा फरक लक्षात घ्या. माझ्या मते केंद्राचा नियम सैल आहे. ट्यूबिंगमधून कमी गॅस जातो म्हणून कंपन्यांना नव्या विहिरी लागतात हे खरं, पण २०२१ मध्ये याच कंपनीने रहिवाशांशी १.८ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड केली. एवढ्यात किती विहिरींच्या भिंती मोजून झाल्या असत्या!

नियम आले म्हणून गळती थांबली असंही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पेनसिल्वेनियातल्या रेजर माउंटन साठ्याची एक विहीर जवळपास दोन आठवडे गॅस ओकत होती, सुमारे एक अब्ज घनफूट. कारण पुन्हा तेच, गंजलेलं केसिंग. पहिल्या ४० टक्क्यांची मुदत तेव्हा अजून संपायची होती.

पीएचएमएसए अपघातांची आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांची माहिती वेबसाइटवर ठेवते आणि ती कोणालाही फुकट डाउनलोड करता येते. कॉलेजच्या डेटा प्रोजेक्टसाठी तेच ते चित्रपटांचं रेटिंग वापरून कंटाळला असाल तर ही फाइल उघडून बघा. मोबाइलवर नको, लॅपटॉपवर, रकाने खूप आहेत.