स्वस्तातले डिटेक्टिव्ह पिक्चर आणि सी. पी. बेरार सर्किट

हिंदी चित्रपटधंद्यात डिटेक्टिव्ह पिक्चर हा कायम दुय्यम माल मानला गेला. मोठा नट परवडत नसे, शूटिंगसाठी काश्मीर गाठणे शक्य नसे आणि वर्तमानपत्रांतले परीक्षक अशा चित्रपटाला चार ओळींत निकालात काढत. तरीही १९३० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ चाळीस वर्षे तो निघत राहिला आणि चालत राहिला. त्याला धरून ठेवले ते आतल्या भागातल्या गावांनी. नागपूर हे त्यांतले एक मोठे ठिकाण.

‘बी’ चित्रपट ही मूळची अमेरिकन सोय. १९३० नंतरच्या मंदीत तिथल्या थिएटरांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पहिला मोठा, दुसरा साधारण तासा-सव्वातासाचा आणि स्वस्त. मोनोग्राम, रिपब्लिक यांसारख्या कंपन्या या दुसऱ्या चित्रपटावर जगल्या. हिंदुस्थानात दोन चित्रपटांची जोडी कधी रुजली नाही. इथल्या स्वस्त चित्रपटालाही मध्यंतरासकट पुरे दोन-अडीच तास एकट्याने भरावे लागत. त्यामुळे खुनाचा तपास मध्येच थांबवून क्लबातले नृत्य, विनोदी नटाचे प्रसंग आणि सहा-सात गाणी घालणे भागच होते. या चित्रपटांवर ‘भरताड’ असल्याची तक्रार नेहमी होते, पण त्यातला बराच भाग या वेळेच्या हिशेबातून आलेला आहे.

सुरुवात स्टंटपटांपासून झाली. वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ १९३५ मध्ये आला आणि त्याची नायिका नादिया घराघरांत पोचली. पुढच्याच वर्षीच्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये खून, स्टेशनमास्तरवर आलेला आळ, धावत्या आगगाडीवरच्या मारामाऱ्या आणि मुखवट्याआड लपलेला ‘सिग्नल एक्स’ नावाचा गुन्हेगार असा सगळा ऐवज होता. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन लोहमार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या नागपूरच्या प्रेक्षकाला रेल्वेतली गुन्हेकथा समजावून सांगावी लागत नव्हती.

नागपूर त्या वेळी मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. चित्रपटधंद्याने वितरणासाठी देशाची सर्किटांत जी वाटणी केली, तिच्यात हा मुलूख ‘सी. पी. बेरार’ म्हणून नोंदला गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, जुना प्रांत नकाशावरून पुसला गेला, पण वितरकांच्या वहीत सी. पी. बेरार तसाच राहिला. आजही ट्रेडचे आकडे याच नावाखाली छापले जातात. या सर्किटच्या संघटनेचे, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे, ठाणे भुसावळला.

वितरकाच्या दृष्टीने स्वस्त चित्रपटाचे गणित सोपे होते. मोठ्या चित्रपटाला मिनिमम गॅरंटी, म्हणजे निर्मात्याला ठरलेली किमान रक्कम, मोजावी लागे आणि तो पडला की वितरक बुडे. डिटेक्टिव्ह पिक्चर थोडक्या रकमेत मिळे. शहरात त्याची एक-दोन आठवडे चलती झाली की प्रिंटच्या पेट्या तालुक्याच्या गावी, मग तंबू टॉकीजकडे आणि जत्रेत. काही वर्षांनी तोच चित्रपट मॅटिनीला पुन्हा लागे. हिरोच्या नावावर तो मुळात विकलेलाच नसल्यामुळे हिरो जुना झाला तरी त्याचे फारसे बिघडत नसे.

नागपुरात या चित्रपटांना लागणारा प्रेक्षक तयार होता. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल आणि नंतरची मॉडेल मिल यांमुळे शहरात हजारो गिरणी कामगार होते. कोणी मराठी बोलणारे, कोणी छत्तीसगढी, कोणी हिंदी. तलवारबाजी, पाठलाग आणि अंधारातली सावली यांना भाषेची अडचण नव्हती. महालातली नरसिंग टॉकीज, सदरमधली लिबर्टी, वर्धा रोडवरचे पंचशील ही नावे चौकांना आणि थांब्यांना चिकटली, यावरून टॉकीज शहराच्या दिनक्रमात किती मुरली होती ते कळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकत असताना पडद्यावरचा गुप्तहेर मात्र ओव्हरकोटाची कॉलर वर करून, फेल्ट हॅट घालून फिरे. याचे हसू कोणाला आल्याचे ऐकिवात नाही. तो पोशाख म्हणजे हा माणूस डिटेक्टिव्ह आहे, एवढी पाटी होती.

या प्रकाराचे दोन कसबी कारागीर विदर्भाशी जोडलेले आहेत. पहिले भगवान आबाजी पालव, म्हणजे मास्टर भगवान. जन्म १९१३, अमरावतीचा. ‘अलबेला’मुळे (१९५१) ते नृत्यासाठी ओळखले जातात, पण त्याआधीची बारा-तेरा वर्षे त्यांनी कामगारवस्तीसाठी कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढण्यात घालवली. युनिटच्या जेवणापासून नटांच्या कपड्यांपर्यंत सगळे ते स्वतः पाहत. ६५ हजार रुपयांत एक चित्रपट पुरा केल्याची गोष्ट त्यांच्याबद्दल सांगितली जाते. १९४९ चा ‘भेदी बंगला’ हा त्यांचा रहस्यपट. तो पाहून राज कपूरने त्यांना सामाजिक विषयाकडे वळायचा सल्ला दिला आणि त्यातून ‘अलबेला’ निघाला, असे सांगतात. सल्ला धंद्याला फळला खरा, पण रहस्यपटाच्या बाजूने पाहिले तर एक हुकमी माणूस तिथून उठून गेला.

दुसरे सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर पुणतांब्याचे, पण त्यांचे गाण्याचे शिक्षण काही काळ नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. याच गुरूंकडे वसंतराव देशपांडे शिकले. हिंदीत संगीतकार म्हणून चितळकरांना उभे केले ते भगवान यांनीच, १९४२ च्या ‘सुखी जीवन’मध्ये. पुढे उलटा प्रवास झाला. १९६३ मध्ये दिल्लीत लताबाईंच्या ज्या देशभक्तिगीताने पंतप्रधानांच्या डोळ्यांत पाणी आणले, त्याची चाल बांधणारा हा माणूस दोनच वर्षांनी एन. ए. अन्सारींच्या ‘जिंदगी और मौत’ या स्वस्त गुन्हेपटाला संगीत देत होता. त्यातले एकच गीत महेंद्र कपूर आणि आशा भोसले यांनी वेगवेगळे गायले. चित्रपट कोणाला आठवत नाही. गाणे अजून वाजते. अन्सारींच्याच ‘ब्लॅक कॅट’ला (१९५९) संगीत एन. दत्ता यांचे, म्हणजे गोव्यातल्या दत्ता नाईकांचे. या दुय्यम चित्रपटांमधले अव्वल काम बऱ्याचदा मराठी हातांचे होते, आणि ते ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर होते.

अन्सारी हे प्रकरण थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. दिग्दर्शन त्यांचे आणि पडद्यावर बहुधा खलनायकही तेच. ‘वॉन्टेड’, ‘टॉवर हाऊस’, ‘मुल्जिम’ असे त्यांचे चित्रपट १९६० च्या दशकात ओळीने आले. १९६७ च्या ‘वहाँ के लोग’मध्ये त्यांनी थेट मंगळावरची माणसे उतरवली. श्रीमंतांचे खून होतात, हिरे नाहीसे होतात, आकाशात तबकड्या दिसतात. प्रदीप कुमारचा गुप्तहेर तपासाला लागतो आणि शेवटी परग्रहाचा सगळा देखावा पृथ्वीवरच्याच माणसांचा निघतो. तबकड्या खोट्या वाटतात, हे प्रेक्षकाला लगेच दिसते. पण कथेतच त्या खोट्या ठरणार असल्यामुळे गरीब ट्रिक-फोटोग्राफीचा दोष गुन्हेगाराच्या खात्यावर जातो. हे ठरवून केले असेल किंवा नसेल, बेमालूम जमले आहे.

या चित्रपटांची ओढ याच काटकसरीतून आली. सेट अर्धा बांधलेला असला की उरलेला अर्धा अंधारात ठेवावा लागे; भिंतीवर पडलेली सावली नटापेक्षा स्वस्त होती. एकच दिवाणखाना पडदे बदलून तीनदा वापरला जाई, फिरती भिंत आणि तळघराचा जिना दर चित्रपटात भेटत. प्रेक्षकाला हे ओळखीचे झाले आणि ओळखीचेच हवेसे झाले. रहस्य म्हणून पाहिले तर बहुतेक कथा लंगड्या आहेत. खुनी कोण हे मध्यंतरापर्यंत कळते, नाही कळले तर तो घरातला सज्जन दिसणारा वडीलधारा असणार हे पक्के. तिकीट काढणारा उत्तरासाठी आलेला नसे. अंधार, धूर, क्लबातली हेलन आणि शेवटच्या रिळातली धरपकड यांसाठी तो पैसे मोजे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी, त्यांच्या धनंजय, झुंजार आणि काळा पहाडने, या चवीचा वाचक आधीच घडवला होता. मराठी पडद्यावर मात्र रहस्यपट तुरळकच. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) इतका नेटका होता की १९६६ मध्ये त्याचा ‘मेरा साया’ झाला, आणि तो अर्थातच ‘ए’ वर्गाचा चित्रपट होता.

१९६२ मध्ये जेम्स बाँड पडद्यावर आला आणि काही वर्षांत इकडे साध्या डिटेक्टिव्हची जागा नंबरवाल्या एजंटांनी घेतली. ‘फर्ज’ (१९६७) मधला एजंट ११६ इतका चालला की त्या चित्रपटाला स्वस्त म्हणणेच बंद झाले. त्याच वर्षी ‘सी. आय. डी. ९०९’ आला. १९६८ च्या ‘खिलाडी’त नादिया शेवटची पडद्यावर दिसली, तीही हेरगिरीच्याच कथेत. १९७० नंतर मारामारी, तस्करांचे अड्डे आणि गुप्त दरवाजे मोठ्या नटांच्या रंगीत चित्रपटांनी उचलले, तर भेदी बंगला रामसे बंधूंच्या भुतांकडे गेला. तपासाचे काम छोट्या पडद्यावर आले. मराठी दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ या पोलीस मालिकेतून पुढे आलेले बी. पी. सिंह आणि शिवाजी साटम यांनी १९९८ मध्ये ‘सी. आय. डी.’ सुरू केली आणि ती वीस वर्षे चालली.

जुने चित्रपट मात्र बरेचसे गेले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर अनेक रिळे चांदी काढण्यासाठी भंगारात निघाली होती, आणि स्वस्त चित्रपटांची जपणूक कोणाच्या यादीत वर नव्हती. भगवान यांचे सुरुवातीचे बहुतेक चित्रपट गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाले.