नीरा खोऱ्यातील तेल-एंजिने आणि सुट्या भागांची निवड

एंजिनाचा इतिहास लिहिताना शोध, शोधक आणि कारखाने ह्यांची नोंद सविस्तर घेतली जाते. परंतु एंजिन शेतावर येऊन उभे राहिल्यानंतर त्यात कोणता भाग घालावयाचा, हे कोणी व कशाच्या आधारे ठरविले, ह्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. वास्तविक एंजिनाचे पुढील आयुष्य ह्याच निर्णयांवर अवलंबून असते. इंदापूर तालुक्यातील भवानीनगर आणि तेथून बारामतीपर्यंतचा बागायती पट्टा हे ह्या प्रश्नाच्या अभ्यासाला सोयीचे क्षेत्र होय. भागांच्या निवडीचे तत्त्व कोणते आणि ते ज्ञान कोठे साठविले गेले, ह्या दोन गोष्टींचा विचार येथे कर्तव्य आहे.

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनी ह्या कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. तेव्हापासून ‘ब्लॉक’ हा शब्द येथील शेतकऱ्याच्या बोलण्यात पाणी मंजूर झालेल्या जमिनीच्या तुकड्यासाठी रुळला. एंजिनाच्या सांगाड्यालाही पुढे हाच शब्द लागला. कालव्याचे पाणी पाळीने मिळत असे. दोन पाळ्यांमधील उन्हाळी अंतर भरून काढण्यासाठी कालव्याच्या पाझरावर भरणाऱ्या विहिरींचा आधार घ्यावा लागे. १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगरचा आणि स्वातंत्र्योत्तर काळात भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर उसाची मागणी निश्चित झाली. बारा ते अठरा महिने शेतात उभ्या राहणाऱ्या ह्या पिकाला मोटेचे पाणी पुरेना. मोटेची जागा एंजिनाने घेतली, ती ह्या परिस्थितीत.

पश्चिम महाराष्ट्रातील विहिरींवर दिसणाऱ्या डिझेल-एंजिनांची स्थूलमानाने दोन घराणी मानता येतील. पहिले मंदगती घराणे. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीने बाजारात आणलेले पाच अश्वशक्तीचे एंजिन हा त्याचा नमुना होय. त्याच्या सिलिंडराचा व्यास साडेचार इंच, दट्ट्याची धाव साडेपाच इंच आणि वेग मिनिटास अवघे ६०० फेरे. दोन्ही बाजूंस आऱ्यांची जड चाके असत. राजकोट येथे ह्या नमुन्याबरहुकूम एंजिने पुढे दीर्घकाळ तयार होत राहिली. दुसरे शीघ्रगती घराणे. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ह्या कंपनीच्या ‘एव्ही १’ ह्या पाच अश्वशक्तीच्या एंजिनाचा व्यास ८० मिलिमीटर, धाव ११० मिलिमीटर आणि वेग मिनिटास १५०० फेरे असे. पहिल्याची घनक्षमता सुमारे १४३३ घन सेंटिमीटर, तर दुसऱ्याची ५५३. शक्ती एकच, परंतु एकाने ती आकारमानातून आणि दुसऱ्याने वेगातून मिळविली. ह्या एका भेदामुळे पुढील प्रत्येक भागाची निवड बदलते.

ह्या एंजिनांकडून अनेकदा दोन भिन्न कामांची अपेक्षा केली जाई. एरवी त्याने तासन् तास एकाच लयीत पंप ओढावयाचा आणि गुऱ्हाळाच्या हंगामात चरक फिरवावयाचा. ह्या दोन कामांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. मध्योत्सारी पंपाचा भार स्थिर असतो. मात्र त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पंपाचा वेग एक-दशांशाने वाढविला, की शक्तीची गरज सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. ६०० फेऱ्यांच्या एंजिनावर २४ इंची आणि पंपावर १० इंची पुली असल्यास पंप १४४० फेरे घेतो. जादा पाण्याच्या लोभाने पंपावर ९ इंची पुली चढविली, की तोच वेग १६०० होतो आणि एंजिनावरील भार एक-तृतीयांशाहून अधिक वाढतो. वरकरणी एंजिन बिघडले असे भासते. प्रत्यक्षात बाहेरच्या एका लोखंडी चाकाची निवड चुकलेली असते. चरकाचे तसे नाही. उसाची मोळी रुळांत शिरताच भार एकदम चढतो आणि क्षणात उतरतो. तेथे जड चाकात साठलेली गती कामी येते. म्हणूनच मंदगती एंजिन अशा कामाला अधिक सोसते.

बाहेरच्या भागांना लागू असलेला नियम आतल्या भागांनाही लागू पडतो. दट्ट्या किती मोठा घ्यावयाचा हे सिलिंडर किती झिजला आहे ह्यावर ठरते. रिंगा दट्ट्यावरून ठरतात. डिझेल-एंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेट घेते. ‘एव्ही १’ मध्ये हवा सुमारे साडेसोळापट दाबली जाते. हेडाखाली वाजवीपेक्षा जाड गॅस्केट घातले, तर हा दाब उतरतो आणि थंडीच्या सकाळी एंजिन सुरू होत नाही. वाजवीपेक्षा पातळ घातले, तर दट्ट्या झडपेला भिडण्याचा धोका. वरचे अंतर मोजण्यासाठी दट्ट्यावर शिशाची तार ठेवून चाक हाताने फिरवावयाचे आणि चेपलेल्या तारेची जाडी पाहावयाची, ही जुनी रीत होय. दाबाची खात्री झाल्यावरच नोझलाचा विचार करावयाचा. दाब गेलेल्या एंजिनात नवे, महागडे नोझल बसविले, तर पदरात काळा धूर आणि डिझेलाचा खर्च एवढेच पडते. सारांश, कोणताही भाग स्वतःच्या गुणाने उत्तम ठरत नाही. नेमलेले काम आणि शेजारचा भाग ह्या दोहोंच्या संबंधात तो योग्य किंवा अयोग्य ठरतो.

हेच तत्त्व अगदी निराळ्या प्रदेशातील उदाहरणावरून पडताळता येते आणि त्या उदाहरणाचा ह्या तालुक्याशी दूरचा संबंधही आहे. वालचंदनगरचे संस्थापक वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, ती अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने. त्याच क्रायस्लरने १९६४ मध्ये शर्यतीसाठी आणि १९६६ च्या मोटारींत रस्त्यासाठी ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ एंजिन दिले. अशा आठ सिलिंडरांच्या दांडग्या एंजिनांना तिकडे ‘बिग ब्लॉक’ म्हणतात. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, सरळ धावपट्टीवरील शर्यत आणि रोजचा रस्ता ही दोन्ही कामे एकाच एंजिनाकडून करून घेण्याचा तेथील हौशी मंडळींचा यत्न असतो. नवलाची गोष्ट अशी, की ह्या एंजिनाचा एकेक सिलिंडर सुमारे ८७३ घन सेंटिमीटरांचा, म्हणजे लिस्टरच्या सिलिंडरापेक्षा बराच लहान असतो. तरी आठ मिळून ४२५ अश्वशक्ती ५००० फेऱ्यांवर देत असल्याचे कंपनी जाहीर करी. शक्तीतील अंतर मुख्यत्वे वेगाचे आणि श्वास घेण्याच्या क्षमतेचे आहे. शर्यतीसाठी झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅम घातला, की मंद वेगावर सिलिंडरातील दाब गळतो. तो भरून काढावयास मूळ दाबाचे प्रमाण वाढवावे लागते. ते वाढविले, की साधे पेट्रोल चालेनासे होते. शिवाय मागील आसाचे दातेही बदलणे प्राप्त होते. एक भाग बदलताच चार भाग बदलावे लागतात. भवानीनगरची पुली आणि अमेरिकेतील कॅम हे एकाच धड्याचे दोन पाठ होत.

हा धडा नीरा खोऱ्यात ग्रंथांतून आला नाही. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले, तेव्हापासून यंत्रांची माहिती मराठीत येऊ लागली होती हे खरे. तथापि निवडीचे ज्ञान मुख्यतः कारागिराच्या तोंडी राहिले. त्या बोलीची घडण लक्षणीय आहे. तीतील बहुतेक नामे परकीय आहेत: पिस्टन, रिंग, लायनर, नोझल, गॅस्केट, बेअरिंग. दुकानात जाऊन जी वस्तू मापाने मागावयाची, तिला दुकानातलेच नाव चिकटले. कोशांनी पुरस्कारिलेला ‘दट्ट्या’ तेथे टिकला नाही. जे भाग मोट आणि गाडा ह्यांच्या काळापासून परिचित होते, त्यांची नावे मात्र राहिली: चाक, पट्टा, दांडा, आस. क्रियापदे तर जवळजवळ सर्व मराठी आहेत. रिंगा ‘टाकतात’, व्हॉल्व्ह ‘घासतात’, टायमिंग ‘जुळवतात’. एंजिन ऑइल ‘खाते’, धूर ‘टाकते’, त्याला लोड ‘झेपत नाही’, ते ‘ओढत नाही’. वस्तूची ओळख नामात असते. वस्तूंमधील संबंधाचा निवाडा क्रियापदात असतो. भाग चांगला की वाईट, असा प्रश्न ही बोली फारसा विचारत नाही. तो बसतो का, जुळतो का, झेपतो का, असे ती विचारते. निवडीचे तत्त्व ह्या क्रियापदांतच सामावलेले आहे.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर वीज खेडोपाडी पोहोचत गेली आणि विहिरीवरील एंजिनाची जागा क्रमाने विजेच्या मोटारीने घेतली. मोटार जळाली, की ती गुंडाळून आणावयाची. तीत जुळविण्यासारखे भाग थोडे. त्यामुळे नवा कारागीर ‘वाइंडिंग’ जाणतो, परंतु शिशाच्या तारेची जाडी कशासाठी पाहावयाची हे त्याला ठाऊक असण्याचे कारण उरलेले नाही. जुनी एंजिने संग्रहालयात ठेवता येतील. त्यांची मापे कंपन्यांच्या पुस्तिकांत मिळतील. ‘झेपणे’ आणि ‘ओढणे’ ह्या शब्दांमागील पन्नास वर्षांचा निवाडा मात्र बोलणारी माणसे आहेत तोवरच टिपून घेता येईल. शेतीच्या यंत्रांचा इतिहास लिहिणाराने कारखान्याच्या दप्तराइतकेच लक्ष कारागिराच्या वाक्याकडे द्यावे, असे सुचविण्यास ह्या पट्ट्याचे उदाहरण पुरेसे आहे.