वाळविणें म्हणजे तापविणें नव्हे

श्रावणांतील संततधार पावसांत कोंकणांतील घरांची एक अडचण सर्वांच्या परिचयाची आहे. वलणीवर टाकलेलें लुगडें दोन दोन दिवस दमट राहतें, धोतराला कुबट वास येतो, आणि तान्ह्या मुलाचीं दुपटीं तर संपतच आलेलीं असतात. अशा वेळीं घरांतील वडीलधारी बाई शेगडींत निखारे घालते, शेगडीवर वेळूची टोपली पालथी घालते आणि टोपलीवर तीं दुपटीं पसरते. परंतु तेवढ्यानें तिचें काम संपत नाहीं. ती अधूनमधून दुपटें उचलते, झटकते, उलटें करून पुन्हां पसरते. सुटलेली वाफ कापडांतच कोंडून राहूं नये, म्हणून हें सारें करावें लागतें. उलटपक्षीं, पौषांतील थंड परंतु कोरड्या वाऱ्याच्या दिवशीं तेंच लुगडें, ऊन कोंवळें असतांहि, प्रहर दीड प्रहरांत खडखडीत वाळतें. ओल जाण्यास उष्णता लागते. पण उष्णतेइतकीच तिला बाहेर पडण्यास वाट लागते. कपडे वाळविण्याच्या यंत्राचा इतिहास पाहिला, तर असें दिसतें कीं, या दोन गोष्टींपैकीं पहिलीकडे माणसाचें लक्ष सहज गेलें आणि दुसरीचें विस्मरण पुन्हां पुन्हां झालें. यंत्र फिरतें, तापतें आणि तरीहि कपडे ओलेच राहतात, या आजच्या तक्रारीचें मूळहि बहुधा त्याच विस्मरणांत सांपडतें.

या घरगुती अनुभवाला शास्त्राचा आधार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मिळूं लागला. ग्लासगो येथील प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यानें १७६० नंतरच्या कांहीं वर्षांत असें दाखविलें कीं, पाण्याची वाफ होतांना पुष्कळ उष्णता तिच्यांत गुप्त रूपानें शिरते. ती उष्णतामापकावर दिसत नाहीं. एक किलो पाणी ३० अंश सेंटिग्रेडपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें ७० किलोकॅलरी पुरतात. परंतु तेंच पाणी ३० अंशांवर वाफ होऊन उडून जाण्यास सुमारें ५८० किलोकॅलरी लागतात. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मँचेस्टरच्या जॉन डाल्टननें या प्रश्नाची दुसरी बाजू उघड केली. पाणी किती वेगानें उडतें, हें केवळ पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून नसून भोंवतालच्या हवेंत आधींच किती वाफ आहे यावरहि अवलंबून असतें. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेंत फार तर ३० ग्रॅम वाफ मावते; ६० अंशांच्या हवेंत सुमारें १३० ग्रॅम मावते. पिळून काढलेल्या कपड्यांत दीड किलो पाणी शिल्लक आहे असें धरलें, तर तें ३० अंशांवर सामावून घेण्यास पूर्ण कोरडी अशी ५० घनमीटर हवा लागेल. म्हणजे ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा खोलींतील सगळी हवा घेतली तरी ती थोडी कमीच पडेल. तापविलेली हवा अधिक वाफ उचलते हें खरें. पण ती भरलेली हवा बाहेर जाऊन तिच्या जागीं नवी आली नाहीं, तर तापविणें व्यर्थ होय.

यंत्राचा आरंभ मात्र विस्तवापासूनच झाला. इ. स. १८०० च्या सुमारास फ्रान्समध्यें पोशाँ नांवाच्या गृहस्थानें भोंकें पाडलेलें एक धातूचें पिंप तयार केलें. ओले कपडे त्यांत घालून, विस्तवावर धरून, तें हातानें फिरवीत. कल्पना मोठी मार्मिक होती. कपडे सतत उलटेपालटे होत आणि भोंकांतून हवा खेळे. पण त्याच भोंकांतून धूर व काजळीहि आंत शिरे, आणि धुतलेला कपडा धुराचा वास घेऊन बाहेर येई. पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील मोठमोठ्या संस्थांच्या धुलाईघरांत निराळी पद्धति आली. तापविलेल्या बंद कोठींत लाकडी वा लोखंडी घोड्या सरकवून त्यांवर कपडे टांगीत. घरगुती संसारासाठीं अमेरिकेंत जॉर्ज सॅम्प्सन या कृष्णवर्णी संशोधकानें ७ जून १८९२ रोजीं एका साधनाचें पेटंट मिळविलें. त्यांत ना पिंप होतें, ना पंखा. चुलीजवळ कपडे टांगतां यावेत आणि काम झाल्यावर बाजूला सारतां यावेत, अशी ती चौकटींची रचना होती. धुराचा प्रश्न तिनें टाळला. परंतु वाफ मात्र खोलींतच राहूं लागली.

उष्णता, फिरणें आणि वारा या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याचें श्रेय बहुधा जे. रॉस मूर याला दिलें जातें. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील नॉर्थ डाकोटा प्रांतांत हिवाळा असा कडक असतो कीं, दोरीवर टाकलेला सदरा फळीसारखा ताठ गोठतो. तशा थंडींत कपडे वाळत घालण्याच्या कष्टांतून सुटका व्हावी, म्हणून मूरनें फिरत्या पिंपाचे प्रयोग आरंभिले, आणि विजेवर व गॅसवर चालणारे नमुने सिद्ध केले. अखेर विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स या गांवच्या हॅमिल्टन कंपनीनें तें काम पत्करलें. ही कंपनी मूळची छापखान्यांसाठीं लाकडी टाइप करणारी. १९३८ सालीं तिचें यंत्र ‘जून डे’ या नांवानें बाजारांत आलें. कडाक्याच्या हिवाळ्यांतहि जूनमधील प्रसन्न दिवस घरांत आणून देण्याचें आश्वासन त्या नांवांत होतें. ब्रुक्स स्टीव्हन्स या रचनाकारानें त्याच्या दाराला कांचेची खिडकी बसविण्याची सूचना केली. त्या खिडकींतून रंगीबेरंगी कपडे गिरक्या घेतांना दिसूं लागले, आणि लोकांना यंत्राचें कौतुक वाटूं लागलें. मात्र यंत्राचें खरें कार्य त्या खिडकींतून दिसत नव्हतें. तें मागच्या बाजूला, नळांतून बाहेर पडणाऱ्या दमट हवेंत चाललेलें होतें.

त्या यंत्राची रचना आजहि मूलतः तीच आहे. पंखा खोलींतील हवा ओढतो. ती तापलेल्या कॉइलवरून पिंपांत येते. तेथून ओल घेऊन एका जाळींतून गाळली जाते, आणि नळावाटे भिंतीबाहेर जाते. जाळीचें काम कपड्यांतून सुटणारी तंतूंची लव अडविण्याचें. उष्णता मर्यादेंत ठेवण्यासाठीं थर्मोस्टॅट असतो, आणि तोहि चुकला तर वीज तोडण्यासाठीं उष्णतेनें वितळणारा फ्यूज असतो. यंत्र नीट वाळवीत नाहीं, असें म्हणणाऱ्यानें हा मार्ग क्रमाक्रमानें तपासला, तर दोष बहुतेक वेळीं हाताशीं येतो.

पहिला प्रश्न असा कीं, हवा गरम येते कीं नाहीं? पिंप फिरतें पण आंत गारवा आहे, असा प्रकार अमेरिकेंत विशेष आढळतो, आणि त्याचें कारण त्या देशाच्या विजेच्या इतिहासांत आहे. एडिसननें १८८३ सालीं तीन तारांच्या योजनेचें पेटंट घेतलें. त्याच तत्त्वावर आजहि तेथील घरांत बाहेरच्या दोन तारांमध्यें २४० व्होल्ट आणि मधली तार व प्रत्येक बाहेरची तार यांमध्यें १२० व्होल्ट दाब असतो. यंत्राची मोटार १२० व्होल्टांवर चालते, कॉइल मात्र २४० वर तापते. मोटारीची तार शाबूत राहून दुसरीचा फ्यूज गेला, तर यंत्र फिरत राहतें. तापत मात्र नाहीं. भारतांत किंवा ब्रिटनमध्यें मोटार व कॉइल दोन्ही एकाच दाबावर चालत असल्यामुळें हा विशिष्ट घोटाळा उद्भवत नाहीं. तेथें गारव्याचें कारण तुटलेल्या कॉइलमध्यें किंवा जळलेल्या फ्यूजमध्यें शोधावें लागतें. हें काम वीज पूर्ण तोडून, जाणकाराकडूनच करवून घेणें इष्ट.

हवा गरम आहे आणि तरी कपडे दमट आहेत, तर दोष विस्तवाचा नसून वाटेचा समजावा. जाळी लवेनें भरली असेल. यंत्र मागें सरकवितांना नळ चेपला गेला असेल. नळ फार लांब किंवा अनेक ठिकाणीं वांकलेला असेल. भिंतीबाहेरची झडप अडकली असेल, किंवा तेथें पांखरानें घरटें केलें असेल. कपडे मऊ व्हावेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांचा पातळ थर जाळीवर बसतो, आणि जाळी दिसावयास स्वच्छ असूनहि हवा अडते. तिच्यावर पाणी ओतून पाहावें; पाणी वरच थबकलें, तर ती साबणानें घासून धुवावी. तसाच थर पिंपांतील धातूच्या पट्ट्यांवर बसला, तर ओल मापणारें साधन फसतें आणि यंत्र लवकर थांबतें. त्या पट्ट्या पुसाव्यात. पिंप कपड्यांनीं ठासून भरलें, तर वारा फिरावयास जागाच राहत नाहीं. आणि कपडे निथळत असतांनाच आंत घातले जात असतील, तर अपराध वाळविणाऱ्या यंत्राचा नसून पिळणाऱ्या यंत्राचा होय.

येथें एक फसवणूक संभवते. नळ तुंबला म्हणजे उष्णता आंतच सांचते. थर्मोस्टॅट वरचेवर वीज तोडतो. कपडे वाळण्यास दुप्पट वेळ लागतो, आणि मालकाला वाटतें कीं कॉइल दुबळी झाली. अखेर फ्यूज जळतो. मग नवा फ्यूज बसवितात, आणि थोड्याच दिवसांत तोहि जळतो. वास्तविक तो फ्यूज म्हणजे रोग नव्हे. रोगाची वर्दी देणारा तो सेवक होय.

ही वर्दी न ऐकण्याची किंमत मोठी असूं शकते, कारण लव म्हणजे कोरडा, सहज पेटणारा कापूसच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, २००८ ते २०१० या काळांत तेथील घरांत अशा यंत्रांमुळें दरवर्षीं सुमारें २,९०० आगी लागल्या. त्यांत वर्षास सुमारें ५ माणसें दगावलीं, १०० जखमी झालीं आणि ३ कोटि ५० लक्ष डॉलर्सची हानि झाली. कारणांत सर्वांत मोठें कारण, शेंकडा ३४ प्रसंगीं, यंत्र स्वच्छ न ठेवणें हें होतें. दोष नेहमीं मालकाचाच असतो असेंहि नव्हे. ब्रिटनमध्यें २०१५ सालीं असें जाहीर झालें कीं, लक्षावधि यंत्रांत सांचलेली लव कॉइलला लागण्याचा संभव आहे. लक्ष ठेवून वापर चालूं ठेवावा, असा सल्ला तेव्हां मालकांना देण्यांत आला. २०१६ च्या ऑगस्टमध्यें पश्चिम लंडनमधील एका १८ मजली इमारतींत असेंच एक यंत्र पेटलें आणि आग अनेक मजले चढून गेली. त्यानंतर २०१७ सालीं, दुरुस्ती होईपर्यंत यंत्राची वीज तोडून ठेवावी, असा सल्ला बदलण्यांत आला. आणि २०१९ सालीं उरलेलीं यंत्रें परत मागविण्यांत आलीं.

बाहेर नळ न काढतां वाफेचें पाणी करून तें टाकींत जमविणारीं यंत्रेंहि पुढें युरोपांत रूढ झालीं. त्यांतूनच उष्णतेचा पुन्हां पुन्हां उपयोग करणारा उष्णता-पंप आला, आणि वीज इतकी वांचूं लागली कीं, स्वित्झर्लंडनें २०१२ पासून विक्रीसाठीं त्याच जातीचीं यंत्रें ठेवण्याचा नियम केला. परंतु नळ गेला म्हणून वाट नको झाली, असें नाहीं. तेथें वाफेची वाट थंड पत्र्यांच्या दाटींतून जाते. त्या फटींत लव बसली, किंवा टाकी भरून राहिली, कीं कपडे पूर्ववत् दमट निघतात.

म्हणून यंत्र बिघडल्याची शंका येतांच भिंतीबाहेर जाऊन नळाच्या तोंडाशीं हात धरून पाहावा. यंत्र चालू असतां तेथें उबदार, दमट वारा जोरानें हाताला लागला, तर वाट मोकळी आहे. झुळूक मंद लागली, तर कॉइल विकत आणण्यापूर्वीं नळ साफ करावा. टोपलीवरचें दुपटें उचलून झटकणाऱ्या बाईला ब्लॅक आणि डाल्टन यांचीं नांवें ठाऊक नव्हतीं. परंतु तिचा हात नेमका त्याच जागीं जात होता.