हिस्लॉप, स्टीफन
(८ सप्टेंबर १८१७ – ४ सप्टेंबर १८६३). स्कॉटिश मिशनरी, शिक्षक व भूवैज्ञानिक. जन्म स्कॉटलंडमधील डन्स येथे. १८४४ च्या अखेरीस मुंबईस आगमन. १८४५ पासून नागपूर येथे वास्तव्य.

जीवाश्मसंशोधन : मावळ-लोणावळ्याच्या घाटात दख्खन ट्रॅप या ज्वालामुखी खडकसमूहाचे लाव्हाथर शेकडो मीटर जाडीने एकावर एक बसलेले आहेत, त्यांत जीवाश्म मिळणे दुर्मिळच. नागपूर मात्र या ट्रॅपच्या पूर्व कडेवर आहे. तेथे दोन लाव्हाथरांच्या मध्ये जुन्या तळ्यांचा गाळ पातळ पट्ट्यांच्या रूपाने टिकून राहिला आहे. १८५१ मध्ये हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरनजीकच्या टाकळीजवळ अशा थरात फिजा या गोड्या पाण्यातील गोगलगायीचे शंख आढळले. पुढे तेथेच फळे, बिया आणि भुंगेऱ्यांची कठीण पंखावरणेही मिळाली. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी भरली, झाडे वाढली आणि जीवसृष्टी पुन्हा नांदली, याचा हा ढळढळीत पुरावा होता. नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील दोघांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला (१८५५). हे थर तृतीय कल्पातील आहेत, असे हिस्लॉप यांचे मत होते. ट्रॅपचे वय आज सुमारे ६.६ कोटी वर्षे, म्हणजे तृतीय कल्पाआधीच्या क्रिटेशस कल्पाच्या अखेरीच्या आसपासचे मानले जाते. तरीही हिस्लॉप यांची निरीक्षणे व नमुने यांचे मोल कमी होत नाही.

मांगली (चांदा, आताचे चंद्रपूर, भाग) येथून त्यांनी मिळविलेल्या उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने केले (१८५५). त्यांनी जमविलेल्या गोंडवनी वनस्पतींच्या जीवाश्मांच्या संग्रहावर वनस्पतिजीवाश्मांचे अभ्यासक बन्बरी यांनी लिहिले (१८६१). सेरॅटोडस हिस्लॉपियानस हा फुप्फुसमासा व हिस्लोपाइट हे खनिज यांना त्यांचे नाव दिलेले आहे.

शिक्षणकार्य : नागपुरात इंग्रजी शाळा (१८४६). कामठीतही शाळा चालविली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज (१८८३) त्यांच्या नावे आहे.

मृत्यू : मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. परतीच्या वाटेवर बोरी गावची शाळा तपासण्यासाठी ते मागे राहिले, असे चरित्रपर लेखनात येते. अंधारात घोड्यावरून पुराचा ओढा ओलांडताना ते बुडाले. मध्य प्रांतातील आदिवासींविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केली (१८६६). गोंड समाजाच्या अभ्यासकांना ती आजही लागतात.