मागे राहिलेली जनावरे

सप्टेंबर २००५च्या पहिल्या दिवसांत अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातून एक छोटी बातमी जगभर गेली. कत्रिना चक्रीवादळानंतर बुडालेल्या त्या शहरातील हजारो माणसे सुपरडोम या मोठ्या क्रीडागृहात अडकली होती. त्यांना बसगाड्यांतून बाहेर काढणे चालू होते. बसमध्ये प्राण्यांना बंदी होती. एका लहान मुलाच्या हातातले कुत्र्याचे पिल्लू पोलिसाने काढून घेतले. मुलगा ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ म्हणून ओरडत राहिला आणि रडता रडता त्याला उलटी झाली. बातमीत मुलाचे नाव नव्हते, कुत्र्याचे मात्र होते. एवढ्याशा मजकुराने पुढील वर्षी अमेरिकेचा एक कायदा बदलायला मोठा हातभार लावला.

असा नियम होताच कशाला, असे कोणीही विचारील. नियम निर्दयपणातून आलेला नव्हता. निवारा केंद्रात शेकडो माणसे एका छताखाली झोपतात. कोणाला दमा असतो, कोणाला प्राण्यांच्या केसांची अॅलर्जी असते. घाबरलेला कुत्रा नेहमी चावत नसला तरी अशा वेळी चावू शकतो. म्हणून आरोग्याच्या नियमांनुसार बहुतेक केंद्रांचे दार जनावरांना बंद होते. अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तेवढे अपवाद. आधी माणसे, मग जनावरे. हा क्रम कोणालाही पटण्यासारखा आहे. चूक क्रमात नव्हती. माणूस आणि त्याचे जनावर यांचे हिशेब वेगवेगळे मांडता येतात, असे गृहीत धरले होते, तिथे होती.

न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. भोवती मातीचे बांध आणि काँक्रीटच्या पूरभिंती, मध्ये बशीसारखे शहर. २८ ऑगस्ट २००५ रोजी महापौरांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश दिला. २९ तारखेला वादळ किनाऱ्यावर आले, बांध व भिंती अनेक ठिकाणी फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. जे आधी निघाले होते त्यांतील पुष्कळांनी कुत्र्यामांजरांसाठी दोन-तीन दिवसांचे खाणे-पाणी ठेवून दार ओढून घेतले होते. आजवरची वादळे तशीच येऊन गेली होती. या खेपेस परतायला कित्येक आठवडे लागले.

आणि पुष्कळजण निघालेच नाहीत. गाडी नव्हती, पैसे नव्हते, घरात आजारी माणूस होते, अशी कारणे होतीच. पण पुढे २००६ साली फ्रिट्झ इन्स्टिट्यूटने केलेल्या पाहणीत असे दिसले की, न निघालेल्यांपैकी ४४ टक्के लोकांच्या निर्णयात ‘पाळीव प्राण्याला सोडवेना’ हे एक कारण होते. कत्रिनातील मृतांचा आकडा दीर्घकाळ १,८३३ दिला जात असे, नंतरच्या फेरतपासणीत तो १,३९२ धरला गेला. त्यांतील किती जनावरापायी थांबले होते याची वेगळी नोंद झालेली नाही. पण ४४ टक्के ही भाबड्या प्रेमाची गोष्ट म्हणून बाजूला सारता येणारी संख्या नव्हे.

खरे म्हणजे ही माहिती अमेरिकेला नवी नव्हती. ४ मार्च १९९६ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील वेयावेगा या लहानशा गावात ज्वलनशील वायूच्या टाक्या नेणारी मालगाडी रुळांवरून घसरून पेटली. स्फोटाच्या भीतीने अख्खे गाव रिकामे केले. काही तासांत परतू या समजुतीने अनेकांनी जनावरे घरातच ठेवली. परतायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. लोक नाकाबंदी चुकवून चोरून गावात शिरू लागले. अधिकाऱ्यांना प्राण्यांच्या नावाने बाँबची धमकीही आली! शेवटी चौथ्या दिवशी लष्करी चिलखती गाड्यांतून नागरिकांना नेऊन जनावरे बाहेर काढावी लागली. अपघात मानवनिर्मित होता, पण त्याने शिकवलेला धडा कोणत्याही पुराला लागू पडतो.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९९७मध्ये कॅलिफोर्नियातील युबा परगण्यात पूर आला. सेबॅस्टियन हीथ या पशुवैद्यक संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांची पद्धतशीर पाहणी केली. जनावरे नसलेल्या घरांपैकी साधारण १६ टक्के घरे आदेश मिळूनही हलली नव्हती, जनावरे असलेल्यांपैकी २१ टक्के. फरक फार मोठा वाटणार नाही. पण धोक्याच्या भागात परत घुसलेल्यांकडे पाहिले, तर त्यांतील सुमारे ८० टक्के लोक जनावराला आणायला गेले होते. अशा माणसामागे बचाव पथकालाही जावे लागते. न हलण्याची कारणेही विलक्षण साधी निघाली : एकापेक्षा अधिक जनावरे असणे, कुत्रा अंगणात राहणारा असणे, मांजर न्यायला पेटी नसणे. वेताच्या साध्या टोपलीने जे काम झाले असते त्यासाठी माणसे घरात अडकून बसली होती. ही पाहणी २००१मध्ये प्रसिद्ध झाली. चार वर्षांनी कत्रिना आले तेव्हा ती ग्रंथालयात होती, बसच्या दारातल्या पोलिसापर्यंत पोहोचली नव्हती.

कत्रिनानंतर स्वयंसेवक होड्या घेऊन घराघरांत शिरले. तपासलेल्या घराच्या भिंतीवर रंगाने फुली मारून आत किती माणसे, जिवंत की मृत, हे लिहायची पद्धत होती; तिच्याच शेजारी कुत्र्यामांजरांच्या नोंदी दिसू लागल्या. अंदाजे दहा ते पंधरा हजार प्राणी बाहेर काढले गेले. गोन्झालेस या गावातील घोड्यांच्या प्रदर्शनाच्या आवारात त्यांची मोठी छावणी पडली. पण खरी अडचण पुढेच होती. हा तपकिरी कुत्रा कोणाचा? गळ्यात पट्टा नाही, मालक पाचशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या राज्यात, त्याचा दूरध्वनी बंद. जेमतेम पाचातला एक प्राणी मालकाला परत मिळाला असावा. बाकीचे देशभर नव्या घरी गेले आणि काहींच्या मालकीवरून पुढे कोर्टकज्जे झाले. याउलट शहरातील प्राणिदया संस्थेने वादळापूर्वीच आपल्याकडील २६३ प्राणी ह्यूस्टनला हलवले होते. प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपट्टी, सोबत छायाचित्र आणि कागद. त्यांच्याबाबत असा गोंधळ झाला नाही.

इथे विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडणारी एक गोष्ट सांगायला हवी. कातडीखाली बसवायची, तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप तेव्हा उपलब्ध होती. तिच्यात बॅटरी नसते. असते ती तारेची बारीक गुंडाळी आणि एक क्रमांक साठवलेले मंडल. वाचकयंत्र जवळ आणले की त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे गुंडाळीत वीजप्रवाह निर्माण होतो आणि चिप आपला क्रमांक ‘सांगते’. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. मग घोडे कुठे अडले? अमेरिकेत काही कंपन्यांच्या चिपा १२५ किलोहर्ट्झच्या आसपास चालत, तर आंतरराष्ट्रीय मानकाच्या १३४.२ किलोहर्ट्झवर. एकाचे यंत्र दुसऱ्याची चिप वाचीलच असे नव्हते. शिवाय चिपमध्ये फक्त क्रमांक असतो. तो क्रमांक मालकाच्या पत्त्याशी जोडणारी नोंद कोणी केलीच नसेल, तर उत्तम वाचलेला क्रमांकही मुकाच राहतो.

६ ऑक्टोबर २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली. केंद्राचा निधी हवा असेल तर राज्यांच्या आपत्ती योजनांत पाळीव प्राणी असलेल्या कुटुंबांचा विचार झालाच पाहिजे, हे त्याचे सार. २००८मध्ये गुस्ताव वादळापूर्वी दक्षिण लुइझियानातून लाखो लोक हलवले गेले, तेव्हा प्राण्यांनाही पट्ट्या बांधून नेण्याची सोय झाली. मात्र या कायद्याखाली ‘घरचा प्राणी’ कोण, याची सरकारी व्याख्या वाचून आम्ही थबकलो. कुत्रा, मांजर, पक्षी, ससा, फार तर कासव. घोडा नाही. गाय नाही, शेतावरचे कोणतेच जनावर नाही.

ही व्याख्या आपल्याकडे क्षणभरही टिकणार नाही. आपल्या खेड्यात घरचे जनावर म्हणजे आधी गोठ्यातले. आणि इतिहास पाहिला तर सरकारी कागदांत आपल्याकडची जनावरे अमेरिकेच्या किती तरी आधी शिरली, पुराच्या नव्हे तर दुष्काळाच्या वाटेने. १८७६-७८च्या दख्खनच्या दुष्काळानंतर १८८०मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि १८८३पासून दुष्काळसंहिता तयार होऊ लागल्या. त्यांत चाऱ्यासाठी राखीव जंगले खुली करण्याची तरतूद होती. यामागे भूतदया किती आणि महसूल किती, हे सांगायला नको : बैल मेला की शेत पडीक, शेत पडीक की सारा बुडाला. तरीही १८९९-१९००च्या छप्पन्न्या दुष्काळात गुजरातमधील गुरांचा अतोनात संहार झाला.

आपल्या गुरांच्या छावण्या याच परंपरेतल्या. २०१२-१३ आणि २०१८-१९च्या दुष्काळात माण, सांगोला, बीडकडे ज्यांनी त्या पाहिल्या असतील त्यांना आठवेल की तिथे केवळ गुरे नव्हती. गुरांमागे माणसे आली होती. चुली मांडून घरेच्या घरे महिनोन्महिने राहत होती. माणूस आणि जनावर यांचा हिशेब एकत्र मांडायचा तो असा. पण दुष्काळ पायी येतो, पूर धावत येतो. पाणी वाढत असताना छावणी उभारायला वेळ नसतो.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात हे दिसले. कोल्हापूर-सांगलीकडच्या किती तरी गावांत बोट दाराशी आली तरी घरातला कर्ता पुरुष हलेना, कारण मागे दोन म्हशी होत्या. दूधसंघाचा पगार त्यांच्यावर, पोरांची फी त्यांच्यावर. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. आम्हाला तसे म्हणवत नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते, याची खात्री देता येत नाही. काहींनी गुरे गच्चीवर चढवली. ती चढली खरी, पण पाणी ओसरल्यावर त्यांना जिन्याने उतरवणे हे चढवण्याहून अवघड काम असते.

याला उपाय सापडलाच नाही असे नाही. १२ नोव्हेंबर १९७० रोजी आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळले आणि किमान तीन लाख माणसे गेली. गुरांचीही अपरिमित हानी झाली. स्वातंत्र्यानंतर तिथल्या किनाऱ्यावर मातीचे उंच, सपाट माथ्याचे ढिगारे उभारले गेले. लाट आली की गुरे हाकत वर चढायचे. लोक त्यांना ‘किल्ला’ म्हणतात. शब्द आपलाच आहे, फक्त वर तोफेऐवजी गाय उभी असते. निवाऱ्याजवळ किल्ला असेल तर माणूस निवाऱ्याकडे निघतो, कारण गायही त्याच वाटेने चाललेली असते.

शिक्षकमित्रांनी एक पाहणी वर्गाकडून करून घ्यावी असे आम्हाला वाटते. नदीकाठच्या शाळेत तर जरूर. गावाच्या नकाशावर आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची रेषा आखा. तिच्या आतले गोठे मोजा. रेषेबाहेर उंचावर गुरे बांधता येतील अशी जागा कोणती, तिथवर गुरे किती मिनिटांत चालत जातात, हे मुलांनी प्रत्यक्ष चालून मोजावे. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला किती जनावरांना आहे? तो क्रमांक घरात कुठे लिहून ठेवला आहे का? घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचली का? कुत्र्यामांजरांची घरेही सोडू नयेत. टोपली आहे का, एवढेच विचारावे.

आणि एक प्रश्न गोठ्यात उभे राहून विचारायचा. गाय-म्हैस पोहू शकते. पुरात बुडून मरणाऱ्या गुरांत दाव्याला बांधलेली असतात ती सर्वांत असहाय. घाईत, अंधारात, ओल्या दोराची निरगाठ सुटत नाही. सुरगाठ एका हिसक्याने सुटते. मुलांनी घरी जाऊन पाहावे आणि वहीत लिहावे, आपल्या गोठ्यातल्या दाव्याला कोणती गाठ आहे.