शिक्षेविना बंदिवान : सातपुड्याच्या परिसरातील तुरुंगांचा इतिहास



ज्या शिक्षकांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांची एक सवय आपल्यातील जुन्या विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. नवा शब्द आला की ते त्याचे कूळ विचारीत, आणि ते सांगता आले नाही तर पुढची ओळ वाचू देत नसत. आजचा विषय तुरुंगाचा आहे. व्याख्यानमालेला तो काहीसा रुक्ष वाटेल. तरीही गुरुजींच्या रीतीने शब्दापासूनच आरंभ करतो.

'तुरुंग' हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की तो पोर्तुगीजांकडून आला हे सांगूनही पटत नाही. मूळ शब्द 'त्रोंको'. त्याचा पहिला अर्थ झाडाचे खोड. दुसरा अर्थ, ज्या जाड लाकडाच्या भोकांत कैद्याचे पाय अडकवीत ते लाकूड. आणि तिसरा अर्थ, असे लाकूड जेथे असे ती जागा. आता आपला अस्सल देशी शब्द पाहा : 'खोडा'. तोही खोडावरूनच आला. सात समुद्रांपलीकडच्या भाषेने आणि आपल्या भाषेने बंदिवासाला एकाच ओंडक्यावरून नाव द्यावे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. दोन्ही शब्दांत भिंत नाही, गज नाहीत, मुदत नाही. माणूस जागेवरून हलू नये, एवढाच हेतू त्यांत आहे. 'कोठडी' ही धान्याच्या कोठीची धाकटी बहीण, म्हणजे तीही ठेवण्याचीच जागा. 'हवालात' हा शब्द अरबीतून आला. कोणाच्या तरी हवाली करणे हे त्याचे मूळ. 'कारागृह' तेवढे संस्कृत आणि भारदस्त. ते सरकारी पाटीवर असते. आपल्याकडचा माणूस मात्र 'बिनभाड्याच्या घरात गेला' असे म्हणून मोकळा होतो.

हे शब्द ज्या काळात रूढ झाले त्या काळी अमुक गुन्ह्यास अमुक वर्षे कैद, अशी शिक्षा आपल्याकडे सर्रास नव्हती. पेशवेकालीन कागदांत 'गुन्हेगारी' हा शब्द दंड या अर्थाने येतो, हे तरुण वाचकाला चमत्कारिक वाटते. हरलेल्याने सरकारात भरायची ती गुन्हेगारी, आणि जिंकलेल्याने द्यायची ती हरकी. दंड, जप्ती, प्रायश्चित्त, क्वचित अवयवच्छेद किंवा देहान्त या त्या काळच्या मुख्य शिक्षा होत. ज्याला ठेवून घ्यायचे त्याला किल्ल्यावर पाठवीत आणि दंड भरेपर्यंत, जामीन मिळेपर्यंत किंवा धन्याची मर्जी फिरेपर्यंत तो तेथे राही. मोठमोठे मुत्सद्दीही यातून सुटले नाहीत. नाना फडणीस डिसेंबर १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या कैदेत पडले आणि पुढील वर्षी सुटेपर्यंत अहमदनगरच्या किल्ल्यात राहिले. त्यांच्यावर खटला असा कोणता चालला? कोणताच नाही. याच किल्ल्यात १९४२ पासून पंडित नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि आपले शंकरराव देव यांना ठेवण्यात आले. त्यांच्यावरही खटला नव्हता. मधल्या दीडशे वर्षांत राज्य बदलले, कायद्याची पुस्तके छापली गेली, आणि किल्ला मात्र तेच काम करीत राहिला.

इंग्रजांनी सुरुवातीला हीच रीत उचलली. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील पंढरपूरच्या खुनावरून त्रिंबकजी डेंगळे यांना बाजीरावाकडून मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तेथून निसटले. बाहेरच्या एका मोतद्दाराने गाण्यातून त्यांना खुणा सांगितल्या आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी येत नसल्याने ते ऐकत उभे राहिले, अशी कथा आहे. मराठीच्या प्राध्यापकाला ही कथा खरी असावीशी वाटणारच.

आपल्या भागाशी याहून निकटचा संबंध अप्पासाहेब भोसल्यांचा. आपला हा सगळा मुलूख त्या वेळी नागपूरकरांचा होता. सीताबर्डीच्या लढाईनंतर १८१८ मध्ये अप्पासाहेबांना पकडून अलाहाबादकडे नेत असताना, मे महिन्यात, जबलपूरच्या वाटेवर पहाऱ्यातल्या शिपायांना वश करून ते निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. हर्राईच्या गोंड राजाने त्यांना आसरा दिला. तेथून ते अशीरगडाला, पुढे पंजाबात गेले आणि १८४० साली जोधपुरात वारले. महादेवाच्या यात्रेला आपल्याकडून पायी जाणारी माणसे ज्या खोऱ्यांतून जातात, त्याच खोऱ्यांनी एका पळालेल्या राजाला काही महिने लपविले होते.

मुदतीची कैद, एकसारखा पोशाख, मोजून दिलेले अन्न, सक्तमजुरी आणि रोजचा हिशेब असे आजच्या अर्थाचे तुरुंग यानंतर आले. १८३६ मध्ये नेमलेल्या आणि १८३८ मध्ये अहवाल देणाऱ्या तुरुंगविषयक समितीत मेकॉले होता. आपण त्याला शिक्षणासाठी ओळखतो. शाळा आणि तुरुंग या दोन्ही संस्थांच्या आराखड्यावर एकाच गृहस्थाचा हात फिरलेला आहे, एवढेच येथे सांगतो. अधिक बोललो तर मुख्याध्यापक रागावतील. कैद्यांना साखळदंडांत रस्त्यावर कामाला नेणे समितीला पसंत नव्हते. कैद्यांना भिंतीआड न्यावे, कंटाळवाणे काम द्यावे, मोठे मध्यवर्ती तुरुंग बांधावेत, असा तिचा सल्ला होता. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि १८६४ मध्ये नागपूरचा मध्यवर्ती तुरुंग उभा राहिला. मग १८९४ चा तुरुंगांचा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके तोच चालला. गुन्हेगार सुधारावा हा हेतू पहिल्यांदा ठळकपणे मांडला तो १९१९-२० च्या समितीने.

नागपूरचा तुरुंग हा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तो भरला, १९४२ नंतर पुन्हा भरला, आणि हिंदुस्तानी लाल सेनेच्या शंकर महाले यांना १९४३ मध्ये तेथेच फाशी देण्यात आली. मला आज बोलायचे आहे ते सातपुड्यातल्या छिंदवाडा, बैतूल आणि सिवनी या लहान गावांबद्दल. ही गावे सरकारला का आवडत असत, हे नकाशा पाहिला की कळते. मोठ्या शहरांपासून दूर, चहूबाजूंनी रान, पत्रकारांची वर्दळ नाही, आणि हवा बरी असल्याने छळ केल्याचा आरोपही येत नाही.

मौलाना महंमद अली आणि शौकत अली हे दोघे बंधू १९१५ साली छिंदवाड्यात स्थानबद्ध झाले. पहिल्या महायुद्धातील भारत संरक्षण कायद्याखाली ही कारवाई होती. त्यात आरोपपत्राची गरज नसे. ते गावात राहत, फिरत, पण गाव सोडू शकत नसत. मराठीत याला 'नजरकैद' असा सुंदर आणि भयंकर शब्द आहे. १९१७ मध्ये सुटकेसाठी त्यांच्याकडे हमीपत्र मागण्यात आले. सरकारला हवे होते तसे ते मिळाले नाही आणि सुटका झाली नाही. जुन्या राज्यात जामीनकतबा मागत, येथे हमीपत्र मागितले. फरक कागदाचा आहे. १९१९ मध्ये दोघांना बैतूलच्या तुरुंगात हलविले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात सोडले. तेथून ते थेट अमृतसरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले. म्हणजे देशाच्या राजकारणातील चार वर्षे दोन माणसांनी आपल्या जिल्ह्याच्या गावी काढली, आणि कोणत्याही न्यायाधीशाने त्यांना एक दिवसाचीही शिक्षा दिलेली नव्हती.

सिवनीचा दाखला याहून स्पष्ट आहे. जानेवारी १९३२ मध्ये सुभाषचंद्र बोस यांना कल्याण स्थानकावर पकडले आणि सिवनीच्या लहानशा तुरुंगात आणून ठेवले. पुढे त्यांचे बंधू शरच्चंद्र हेही तेथेच आले. प्रकृती ढासळल्यावर सुभाषबाबूंना जबलपूरच्या तुरुंगात नेले; त्या तुरुंगाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांना ज्या कायद्याने धरले तो १८१८ चा तिसरा विनियम होता. सन लक्षात घ्यावे. ज्या वर्षी अप्पासाहेब पहाऱ्यातून निसटले, त्याच वर्षी कंपनी सरकारने राजबंद्यांना खटल्याविना अमर्याद काळ ठेवण्याचा हा नियम केला आणि एकशे चौदा वर्षांनंतरही तो धारदार होता. सुधारणा समित्यांचे अहवाल एका कपाटात साठत होते आणि हा विनियम दुसऱ्या कपाटात जपून ठेवलेला होता.

विनोबा ऑगस्ट १९४२ मध्ये पकडले गेले ते नागपूर, वेल्लोर असे फिरत सिवनीला आले आणि १९४५ मध्ये सुटले. १९४४ च्या हिवाळ्यात त्यांनी सिवनीच्या तुरुंगात सोबत्यांपुढे गीतेतील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्याने दिली. 'स्थितप्रज्ञ-दर्शन' हे पुस्तक त्यांतूनच झाले. मराठी वाचकाला धुळ्याच्या तुरुंगातील १९३२ ची गीता-प्रवचने ठाऊक असतात, साने गुरुजींनी ती टिपून घेतली म्हणून आपल्याला मिळाली हेही ठाऊक असते. पण दुसरे तितकेच गंभीर पुस्तक आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, सातपुड्याच्या थंडीत बोलले गेले, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. धुळे आणि सिवनी यांत एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. धुळ्यात विनोबांना शिक्षेची मुदत होती. सुटकेचा दिवस मोजता येत होता. लोकमान्यांना मंडालेत सहा वर्षे होती, गीतारहस्य त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले तेव्हा त्यांना आपला काळ ठाऊक होता. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहिली, तीही मुदतीच्या कैदेत. सिवनीत विनोबांसमोर मुदतच नव्हती. अशा जागी बसून चित्ताच्या स्थैर्यावर बोलण्याला वेगळे वजन येते. हे माझे वाचन आहे. कोणास मान्य नसेल तर वाद घालायला मी तयार आहे.

याच तुरुंगांत तेव्हाही शेकडो सामान्य कैदी होते. चक्की दळणारे, दोर वळणारे, जंगलातून लाकूड आणले म्हणून धरलेले. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांना कागद मिळत नसे आणि बहुतेकांना लिहिता येत नसे. आपल्या तुरुंगवाङ्मयाचा आपण योग्य तो अभिमान बाळगतो, परंतु ते वरच्या वर्गाच्या कैद्यांचे वाङ्मय आहे, हे मी वर्गातही सांगत असे आणि विद्यार्थी नाराज होत असत. तुरुंगाच्या आत जातही होतीच. स्वयंपाक कोणी करायचा आणि झाडायचे कोणी, हे नियमपुस्तिकांत जातीवरून ठरविलेले असे. हे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. तपासल्या गेलेल्या पुस्तिकांत मध्य प्रदेशाचीही होती.

१९५६ मध्ये नागपूर त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. मग नागपूरचा तुरुंग आपल्यासाठी परराज्यातला झाला आणि जबलपूरचे उच्च न्यायालय आपले झाले. त्या जबलपूरचे नाव कायद्याच्या इतिहासात कोरले गेले ते एका दुःखद खटल्याने. आणीबाणीत 'मिसा'खाली धरलेल्यांनी न्यायालयात दाद मागितली. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने आणि इतर काही उच्च न्यायालयांनी त्यांचे म्हणणे ऐकण्याची तयारी दाखविली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की, अशा बंदीला आणीबाणीत दाद मागता येणार नाही. ते एक मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. आणि २०१७ मध्ये तो निर्णय चूक होता असे लिहिणाऱ्यांत त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

आता राजबंद्यांना बाजूला ठेवून आजच्या साध्या कैद्याकडे येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांना शिक्षा झालेली नव्हती. त्यांचा खटला चालू होता किंवा सुरूच व्हायचा होता. म्हणजे चारांतले तीन. शंभर-सव्वाशे वर्षांच्या सुधारणांनंतर आपला तुरुंग पुन्हा खोड्याच्या मूळ अर्थाशी येऊन पोचला आहे : शिक्षा भोगण्याची जागा कमी, हलू न देण्याची जागा अधिक. फरक एवढाच की, पूर्वी यात नाना फडणीस सापडत, आता मजूर सापडतो.

कायदा याकडे अगदीच डोळेझाक करतो असे नाही. १९७९ मध्ये बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जलद न्याय हा मूलभूत हक्क ठरविला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावे, असे सांगितले आहे. देहान्त किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळले आहेत. तरतूद चांगली आहे. पण जामीन मंजूर होणे आणि माणूस घरी येणे यांच्यामध्ये एक कागद उभा असतो.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिली त्यात आल्या. इटारसीची गाडी आपल्या तिगावहून घाटाला लागते, त्या रुळांच्या दोन्ही अंगांना मराठी बोलणारी गावे आहेत. न्यायालयाचे कागद हिंदीत असतात. येथला शेतमजूर पेशीला उभा राहतो तेव्हा निम्मे त्याच्या डोक्यावरून जाते. जामीन मिळाला तर जामीनदार लागतो, आणि आपल्या राज्यात जामीनदार म्हणजे ज्याच्या हाती जमिनीची ऋणपुस्तिका आहे असा माणूस. ज्याच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर एकरभर रान नव्हते, त्याने ती कोणाकडे मागावी? संत्र्याच्या बागेचा मालक मजुरासाठी आपली ऋणपुस्तिका न्यायालयात ठेवायला सहसा तयार होत नाही. पुस्तिकेवर नोंद पडते आणि बँकेच्या कामी अडचण येईल अशी धास्ती त्याला वाटते. त्यात त्याचेही सर्वस्वी चुकते असे मी म्हणणार नाही. मजुराची बायको मग एका बागेतून दुसऱ्या बागेत विचारीत फिरते, आणि तेवढे दिवस तो आत असतो.