घाम फुटलेला मदरबोर्ड

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑफिसातला एक मित्र चहाच्या वेळी म्हणाला, "तुम्ही लोक नायट्रोजन ओतून कॉम्प्युटर पळवता ना, तेव्हा मदरबोर्डवर पाणी धरू नये म्हणून नेमकं काय करता रे?"

मला वाटलं, चला, अजून एक गडी ओव्हरक्लॉकिंगच्या नादी लागला. मी लगेच सुरू झालो. खोडरबर, व्हॅसलिन, फोम... पाच मिनिटं त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तसं नाही. आमच्या गावाकडे शाळेत तीन कॉम्प्युटर आहेत. उन्हाळ्यात खोलीला कुलूप लावलं, ते ऑगस्टात उघडलं. बटण दाबलं आणि दोन जागच्या जागी गेले. तिसऱ्याला अजून कोणी हात लावलेला नाही. मास्तर विचारतायत, काय करू?"

मित्राचं गाव सिरोंचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नकाशात महाराष्ट्राचं आग्नेय टोक शोधा. गडचिरोली जिल्हा, प्राणहिता नदीचा काठ. गावाच्या जरा खाली प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलंगणातलं काळेश्वर. गावात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. इंग्रजांच्या काळात अप्पर गोदावरी नावाचा एक जिल्हा होता, त्याचं मुख्य ठाणं हेच. 1874 साली तो जिल्हा मोडून चांदा जिल्ह्यात घातला. उन्हाळा असा की नको जीव करतो. आणि पावसाळ्यात दोन नद्या आणि चहूबाजूंनी जंगल, म्हणजे हवा जवळजवळ पिळून घ्यावी अशी.

तर मित्राचा प्रश्न ऐकून मी जरा ओशाळलो. जी गोष्ट मी हौस म्हणून करत होतो, ती तिकडे हौसेची नव्हतीच. मग त्या वीकेंडला बसून जरा मागोवा घेतला. वीज आणि दमट हवा यांचं भांडण कधीपासून चाललंय? आणि गंमत म्हणजे फिरून फिरून गाडी सिरोंच्याच्याच बाजूच्या जंगलांपाशी आली!

आधी थोडं विज्ञान, कंटाळू नका. हवेत पाण्याची वाफ असते. हवा गार होत गेली की एका तापमानाला ती वाफ तिला पेलवत नाही, पाणी सुटायला लागतं. तो दवबिंदू. हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू येतो साधारण 27 अंशांवर. म्हणजे फक्त तीन अंश खाली! अशा हवेत फ्रीजमधल्या बाटलीला घाम सुटतो यात नवल नाही. पण रात्रभर पावसाने गार पडलेल्या बंद खोलीतला धातू 25-26 अंशांवर आला असेल आणि सकाळी कोणी दार उघडून बाहेरची दमट हवा आत घेतली, तर त्यालाही घाम सुटतो. त्यात बोर्डवर वर्षभराची धूळ. धुळीत क्षार असतात, ते पाणी ओढून धरतात. शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही, पण हे खारट पाणी मजेत नेतं. बटण दाबलं की खेळ खलास.

द्रव नायट्रोजन उकळतो उणे 196 अंशांना. त्याच्या भांड्याजवळ येणारी सगळीच वाफ बर्फ होऊन बसते. वरच्याच हवेत एका घनमीटरमागे साधारण 26 ग्रॅम पाणी असतं. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोली धरली तर जवळपास 700 ग्रॅम, म्हणजे पाऊण लिटरला थोडं कमी. हे पाणी आपल्याला दिसत नाही, पण ते खोलीत असतंच आणि गार जागा शोधत असतं.

आता इतिहास. 1839 साली कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर, मेडिकल कॉलेजातला प्रोफेसर, तारेतून संदेश पाठवायचे प्रयोग करत होता. बंगालची हवा आणि शेजारी हुगळी नदी. वीज तारेतून निघायची आणि ओल धरून भलतीकडेच जायची. त्याने काय केलं? तारेला डांबर फासलं, चिरलेल्या वेताच्या आत घातली आणि वरून डांबरी सुतळी गुंडाळली. पाण्याखालून संदेश गेला. प्लास्टिकचा जन्म व्हायचा होता. हाताशी होतं ते वेत आणि डांबर, पण कल्पना अगदी आजचीच होती. विजेच्या आणि हवेच्या मध्ये फट ठेवायची नाही.

याच सुमारास, 1837-38 मध्ये, लंडनला मायकेल फॅरडे वेगवेगळे विद्युतरोधक पदार्थ तपासत होता. काच, गंधक आणि शेलॅक. शेलॅक म्हणजे आपली चपडा लाख. सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतो ती, सरकारी पाकिटावर वितळवून शिक्का मारतात ती, लाक्षागृहातली ती.

ही लाख येते कुठून? एक बारीकसा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर रस पीत बसतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. आत ओल जाऊ नये, शत्रू येऊ नये म्हणून. म्हणजे बघा, त्याचाही प्रश्न तोच! फांद्या तोडायच्या, लाख खरवडायची, धुवायची, वितळवून पातळ पापुद्रे काढायचे. छोटा नागपूर हा या धंद्याचा मोठा मुलूख. आपल्याकडे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पळसावर लाख होते. 1924 साली रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्थाच निघाली.

विजेचे पंखे, मोटारी, डायनॅमो आले तसं या लाखेला सोन्याचे दिवस आले. तांब्याच्या तारेचं वेटोळं करायचं, लाखेच्या वार्निशने भिजवायचं, भट्टीत वाळवायचं. वेढ्यांमधल्या फटी भरल्या की ओल शिरायला जागा नाही. तालुक्याच्या कुठल्याही गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान बघा. आजही शेतीपंपाची मोटार भरल्यावर वार्निश पाजून सुकवतात. वार्निश बदललं, रीत तीच.

पण लाखेचे दोन दोष. ऊन लागलं की मऊ पडते, आणि बराच काळ दमट हवेत राहिली की थोडी ओल पितेच. शिवाय पौंडभर लाखेला हजारो किडे लागतात, भाव वर-खाली होतो. अमेरिकेत लिओ बेकेलँड लाखेला पर्याय शोधायला बसला आणि 1907 साली त्याच्या हाती बेकेलाइट लागलं. कारखान्यात बनलेलं पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक. म्हणजे प्लास्टिकयुगाची सुरुवात झाली ती लाखेची नक्कल करायला जाऊन! पुढे त्याच जातीच्या राळेत कागद भिजवून, दाबून पत्रे काढले, आणि छापील सर्किटचे बोर्ड बरीच वर्षं त्यावर निघाले. स्वस्तातल्या रेडिओत दिसणारा तपकिरी बोर्ड आठवतो ना, तोच. मदरबोर्डसाठी मग काचतंतू आणि इपॉक्सी आलं. माझ्या टेबलावरच्या मदरबोर्डची वंशावळ अशी पळसाच्या फांदीपर्यंत जाते.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न एकदम जिवावर आला. पॅसिफिकच्या बेटांवर आणि ब्रह्मदेशच्या जंगलात वायरलेस सेट बंद पडायला लागले. ओल तर होतीच, वर बुरशी! सेट गेला म्हणजे तुकडी एकटी पडली. मग अख्ख्या सर्किटवर बुरशीनाशक घातलेलं वार्निश फवारायची पद्धत सुरू झाली. आज मदरबोर्डवर जो पातळ पारदर्शक थर देतात, ज्याला कन्फॉर्मल कोटिंग म्हणतात, तो या फवाऱ्याचाच नातू.

आता वळू थंडीकडे. चिप गार केली की ती जास्त वेगाने धावते, हे इंजिनिअरांना कधीच ठाऊक होतं. 1987 साली अमेरिकेत ईटीए-10 नावाचा सुपरकॉम्प्युटर आला. त्याचे प्रोसेसर बोर्ड थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेले असत. तिथे दव धरायचा प्रश्न युक्तीने सोडवला होता. बोर्ड बंद भांड्यात, म्हणजे दमट हवा आतच नाही. यंत्र झकास, धंदा मात्र बसला. 1989 मध्ये कंपनी बंद.

मग ही हौस घरी आली. 2000 च्या सुमारास क्रायोटेक नावाची कंपनी फ्रीजसारखा कॉम्प्रेसर लावलेले पीसी विकत होती. 2003 च्या डिसेंबरात नायट्रोजन ओतून पेंटियम 4 पाच गिगाहर्ट्झवर नेला गेला. 2011 साली एएमडीचा एफएक्स 8.4 च्या वर गेला. 2022 च्या डिसेंबरात द्रव हेलियम वापरून इंटेलची चिप नऊच्या पलीकडे गेली. हेलियम म्हणजे उणे 269 अंश!

घरच्या टेबलावर मात्र बंद भांडं नसतं, उघडी हवा असते. म्हणून ती सगळी खटपट. आधी बोर्डवर कोटिंगचा थर द्यायचा, स्लॉट आणि सॉकेटच्या आतले संपर्कबिंदू सोडून. कोटिंग नसेल तर काही बहाद्दर नेलपॉलिश लावतात. प्रोसेसरभोवती चित्रकारांचं मऊ खोडरबर कणकेसारखं मळून दाबून बसवायचं. काही जण थेट व्हॅसलिन थापतात. बोर्डच्या मागे फोम, आणि बोर्ड आणि फोमच्या मध्ये हवेचा एक बुडबुडाही नको. वरून पाणी टिपायला टिश्यूपेपर. काही बोर्डांच्या पाठीला चक्क हीटर लावतात, म्हणजे पाठ दवबिंदूच्या खाली जाणारच नाही. आजीच्या लोणच्याच्या बरणीचंच शास्त्र हे. फोडींवर तेलाचा थर हवाच, हवा लागली की बिघडलं.

हे सगळं वाचून मी माझा पहिला बोर्ड वाचवला असेल असं तुम्हाला वाटेल. छे! मी वापरला होता ड्राय आइस, उणे 78 अंशांचा. दोन तास मस्त चाललं. बोर्ड बर्फाने पांढरा झालेला, फोटो काढले, बंद केलं, चहा प्यायला गेलो. तासाभराने "जरा एकदा बूट करून बघू" म्हणून बटण दाबलं. टिक्. संपलं. बर्फ वितळून सगळं पाणी स्लॉटमध्ये उतरलं होतं. थंडीत काहीच होत नाही मंडळी. बर्फ वाईट वाहक, तो बिचारा गप्प बसतो. मारतं ते वितळणं, आणि आपली घाई.

आणि सिरोंच्याच्या शाळेतही घात झाला तो घाईनेच.

मी मित्राला सांगितलं, तिसऱ्याला आत्ता हात लावू नका. वायर काढा, पॅनेल उघडा. रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडा, स्लॉटमधलीसुद्धा. मग जुना पिवळा साठचा बल्ब फूटभर अंतरावर लावून दिवसभर राहू द्या. बोर्ड हाताला कोमट लागला पाहिजे, बस्स. त्याच दिवशी, कोमट असतानाच, चालू करा. आणि पुढे पावसाळाभर, मुलं येवोत न येवोत, रोज तासभर चालवा. चालू मशीन स्वतःच्याच उष्णतेने दवबिंदूच्या वर राहतं. आम्ही बोर्डच्या पाठीला हीटर लावतो त्याचंच हे फुकटातलं रूप.

मित्राने विचारलं, "आणि वीज गेली तर?" तिकडे पावसात वीज जाते, कधी दोन दोन दिवस. म्हटलं, मग परत बल्ब आणि परत धीर. याला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

आठ दिवसांनी त्याचा मेसेज आला. तिसरा चालू झाला. मास्तरांनी वेळापत्रकात रोजचा एक तास टाकलाय, सुट्टीच्या दिवशी शिपाईमामा येऊन चालू करतात. मेलेल्या दोघांपैकी एक दुरुस्त होईल असं दुकानदार म्हणतो, बघू.

माझ्या बेंचमार्कचे आकडे मला आता आठवतही नाहीत. पण इतक्या वर्षांच्या नायट्रोजन-व्हॅसलिनच्या उद्योगातून एक कॉम्प्युटर वाचला, तोही नेमका लाखेच्या मुलखात, याचं मात्र बरं वाटलं.

असो. तुमच्याकडे माळ्यावर जुना पीसी पडला असेल तर जूनमध्ये एकदा खाली काढा. पण बटण दाबायच्या आधी थोडं थांबा :)